गोळ्यांचे सहा महिने

मुलांनो, 'क्षयरोग' हा शब्द तुम्हांला नवा वाटेल. पण रोग नवा नाही. घरी तुम्ही त्याला टी.बी. म्हणता. दादी-नानींच्या तोंडी 'तपेदिक' हे नाव असते. 'तप' म्हणजे ताप. नाव अगदी योग्य आहे, कारण या रोगात अनेकांना संध्याकाळी बारीक ताप येतो.

याचे जंतू शोधल्याचे रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे जाहीर केले.

दोन आठवडे उलटले तरी न थांबणारा खोकला, मंदावलेली भूक, घटणारे वजन, रात्रीचा घाम ही इतर लक्षणे होत. कधी थुंकीतून रक्तही पडते. यंत्रमागावर काम करणारे म्हणतात, "सुताच्या धुळीने खोकला येतो." तसे असेलही, पण थुंकी तपासल्याशिवाय कसे कळणार? सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. गोळ्याही तेथे मोफत मिळतात.

समजा, तुमच्या भाईजानना क्षयरोग झाला. बहुतेक रोग्यांना सहा महिने औषध घ्यावे लागते. गोळ्या सुरू झाल्या आणि लघवी लाल-नारिंगी झाली. सारे घर घाबरले! अम्मी म्हणाल्या, "बेटा, औषध गरम पडले. बंद कर."

थांबा! हा रंग रिफॅम्पिसिन या औषधाचा आहे, रक्ताचा नाही. घाम आणि अश्रूही तसे दिसू शकतात. त्याने अपाय होत नाही. मात्र डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या होऊ लागल्या किंवा अंधुक दिसू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. हातापायांना मुंग्या येत असतील तर तेही सांगावे. त्यावर जीवनसत्त्वाची साधी गोळी देतात.

खरा धोका पुढेच आहे. दोनएक महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते. भाईजान म्हणतात, "मी बरा झालो." गोळ्या कपाटात पडून राहतात. पण काही चिवट जंतू शरीरात अजून जिवंत असतात. ते पुन्हा वाढतात आणि कधी कधी नेहमीच्या औषधांना दादच देत नाहीत. मग उपचार फार अवघड होतो.

रमजानमध्ये रोजे ठेवायचे असतील, तर डॉक्टरांना आधीच विचारावे.

आणखी एक. भाईजानचे ताट-पेला वेगळे काढू नका. हा रोग हवेतून पसरतो, ताटातून नाही. खिडक्या उघड्या ठेवा, त्यांना खोकताना तोंडावर रुमाल धरायला सांगा आणि रोज विचारा, "भाईजान, आज गोळ्या घेतल्यात का?"