कारखान्याची शिस्त व बाजारातील चढाओढ : जळगावच्या एका उद्योगाचा अभ्यास

केळी पिकविण्याची कोठी, कापसाचे जिनिंग किंवा भुईमुगाचा घाणा आपण शेतकऱ्यांनीच का घालू नये, असा विचार जळगाव व धुळे या दोन्ही जिल्ह्यांत हल्ली पुष्कळ ठिकाणी चालू आहे. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन उत्पादक कंपन्यांस त्यात स्थान मिळाल्यापासून या विचारास कायद्याची वाटही मोकळी झाली आहे. विचार स्तुत्य आहे. परंतु अशा बैठकींतील बोलणे यंत्राची किंमत, कर्ज व अनुदान एवढ्यावरच बहुधा संपते, असे आमच्या पाहण्यात आले आहे. आपला माल शेजाऱ्याच्या मालाहून कोणत्या गुणाने सरस ठरणार, आणि तो गुण रोज कामावर येणाऱ्या माणसाच्या हातून कसा उतरणार, हे दोन प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. या प्रश्नांचा विचार करण्यासाठी दूर जावयास नको. जळगावच्या जैन उद्योगाचा इतिहास आपल्या डोळ्यांसमोर घडलेला आहे, आणि त्यात यशाइतकीच ठेचही असल्यामुळे तो अभ्यासास अधिक उपयोगी आहे.

या उद्योगाचे संस्थापक भवरलाल हिरालाल जैन यांचा जन्म १९३७ साली जामनेर तालुक्यातील वाकोद या खेड्यात झाला. मुंबईस वाणिज्य व कायदा यांचे शिक्षण झाल्यावर चालून आलेली सरकारी नोकरी त्यांनी नाकारली व १९६३ साली घरच्या ७,००० रुपयांवर रॉकेल विकण्याचा धंदा मांडला. पुढे खते, बियाणे, ट्रॅक्टर, नळ अशा अनेक वस्तूंच्या एजन्सी त्यांनी घेतल्या. या काळाकडे लोक फारसे लक्ष देत नाहीत. आमच्या मते मात्र तोच पाया होय. कारण ज्याला पुढे माल विकावयाचा त्या शेतकऱ्याची विहीर, त्याची उधारी व त्याची अडचण या दुकानदारीतच कळून येते.

१९७८ साली केळीची भुकटी करण्याचा एक न चाललेला कारखाना त्यांनी सुमारे ३० लाख रुपयांस घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढण्यास आरंभ केला. पपेन हे पाचक द्रव्य औषधांत, मांस मऊ करण्यात व बिअर निवळ राखण्यात उपयोगी पडते, व त्यास परदेशांत मागणी असते. केळीच्या भुकटीस गिऱ्हाईक नव्हते, ते पपेनला होते, एवढाच या गोष्टीचा अर्थ पुष्कळ लोक करतात. आमच्या वाचकांनी त्याच्या आत शिरून पाहावे.

पपईच्या हिरव्या फळास सकाळच्या थंड वेळी उभ्या, उथळ चिरा देऊन चीक गोळा करावा लागतो. चीर खोल गेली तर फळ बिघडते. लोखंडी पाते वापरले किंवा लोखंडी भांड्यात चीक धरला तर त्याची पाचकशक्ती घटते. म्हणून पाते न गंजणाऱ्या पोलादाचे व भांडे काचेचे किंवा प्लास्टिकचे हवे. चीक उन्हात राहिला, किंवा वाळविण्यास उशीर झाला, तरी तोच परिणाम होतो; आणि फार उष्णतेवर घाईने वाळविल्यास उरलेली शक्तीही जाते. म्हणजे परदेशी गिऱ्हाइकाने ज्या शक्तीचे पैसे द्यावयाचे, ती कारखान्याच्या दारात येण्यापूर्वीच पपईच्या बागेत एका मजुराच्या हाती टिकते अथवा नष्ट होते. कारखान्यात कितीही उत्तम यंत्र बसविले तरी गेलेली शक्ती परत आणता येत नाही. आता असा चीक नुसत्या वजनावर विकत घेतला तर काय होईल? आणणारा त्यात पाणी मिसळील, आणि पाणी न मिसळणारा पुढच्या खेपेस मूर्ख ठरेल. तोच चीक शक्ती तपासून घेतला, व उत्तम मालास उघडपणे अधिक दर दिला, तर त्याच माणसास पात्याची काळजी वाटू लागते. कारखान्याची शिस्त ज्यास म्हणतात ती भिंतीवर लाविलेल्या पाटीत नसते. दर कशावर ठरतो, यात ती असते.

भवरलालजींनी आपल्या नोकरांस ‘सहकारी’ म्हणण्याचा प्रघात पाडला. नावाने पोट भरत नाही, हे आम्हांस मान्य आहे. तथापि ज्या धंद्यात प्रत्येक हाताच्या काळजीवर मालाचा कस अवलंबून आहे, तेथे मालकाची भाषा हाही हिशेबाचाच भाग समजला पाहिजे.

१९८० साली नळांचा कारखाना व त्याच दशकात ठिबक सिंचनाचे काम सुरू झाले. ठिबकची विद्या मूळची इस्रायलची. तेथे १९६५ पासून तिचा धंदा होत होता. नुसती नळी विकावयाची म्हटले तर ती स्वस्तात करणारे पुष्कळ निघतात, व या चढाओढीत दर उतरत जाऊन सर्वांचाच तोटा होतो. येथे निराळी वाट धरली गेली. जमिनीची मोजणी, पाण्याची तपासणी, नळ्यांची आखणी, जोडणी व मागाहूनची देखरेख ही सर्व मालाबरोबर देण्यात आली. ज्यांनी ठिबक वापरले आहे त्यांस याचे महत्त्व सांगावयास नको. क्षारयुक्त पाण्याने तोट्या बुजतात, गाळणी वेळेवर धुतली नाही तर अर्धी ओळ कोरडी राहते, आणि असे एकदा झाले की शेतकरी नळ्या गुंडाळून बांधावर टाकतो व गावभर ठिबकची निंदा करतो. १९९० नंतरच्या दशकात ऊतिसंवर्धित ग्रँड नैन केळीची रोपे याच्या जोडीस आली. कंदांच्या लागवडीत घड पुढेमागे निसवतात व बाग दीड वर्षापर्यंत लांबते. रोपे, ठिबक व पाण्यातून खत यांच्या योगाने ती अकरा-बारा महिन्यांवर येते व घड बरोबरीने कापणीस येतात. शेतकऱ्याने नळीचा दर शेजारच्या नळीशी ताडून पाहण्याऐवजी तिची किंमत घडाच्या वजनावरून करावी, ही या धंद्याची खरी युक्ती होती.

पांढऱ्या कांद्याच्या कराराची शेतीही याच धोरणातली. करार मोडतो तो भाव चढल्यावर, हा सर्वांचा अनुभव आहे. तेव्हा किमान भाव आधी बांधून देणे व बाजार चढल्यास त्याप्रमाणे अधिक देणे, अशी येथे योजना केली गेली. शेतकऱ्यास व्यापाऱ्याकडे पळून जाण्याचे कारणच राहू नये, हा तिचा हेतू.

आता ठेचेकडे वळू. १९९० नंतरच्या काही वर्षांत या कंपनीने पैशाच्या देवघेवीच्या, दगडाच्या व संगणकाच्या धंद्यात हात घातला आणि मोठा तोटा सोसला. भवरलालजींनी भागधारकांची जाहीर क्षमा मागितली व कंपनी पुन्हा शेतीच्या कामावर आणली. चूक कबूल करण्याचे असे धैर्य आपल्याकडील संस्थांत विरळा. २०१६ च्या फेब्रुवारीत ते निवर्तले. दुसरे संकट कर्जाचे. परदेशांतील कंपन्या घेण्यास पैसा लागला. शिवाय ठिबकच्या अनुदानाची रक्कम सरकारकडून येण्यास विलंब होई, म्हणून माल शेतात व पैसा कचेरीत अशी स्थिती होती. वहीत नफा दिसे, पेटीत रोकड नसे. २०१९ साली देणी थकली, २०२२ साली कर्जाची फेरमांडणी झाली, आणि परदेशांतील सिंचनाचा धंदा रिव्हुलिस या कंपनीत विलीन करण्याचा करार त्याच वर्षी होऊन तो २०२३ साली पुरा झाला.

कोणी म्हणेल, परक्या धंद्यात शिरूच नये काय? अमळनेरचे उदाहरण उलटे आहे. तेथे १९४५ साली महंमद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाची ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी काढली. १९६६ साली ते वारल्यावर त्यांचे चिरंजीव अझीम हे वयाच्या २१ व्या वर्षी कारभार पाहू लागले, आणि १९८० च्या सुमारास ती कंपनी संगणकाच्या धंद्यात शिरून ‘विप्रो’ या नावाने जगभर गेली. अमळनेरच्या ज्या कुटुंबांनी जुने भाग विकले नाहीत, ती श्रीमंत झाली. फरक आमच्या मते इतकाच की तेथे नव्या कामासाठी ते काम जाणणारी माणसे निराळी नेमण्यात आली, व तेलाचा जुना धंदाही पोटासाठी चालू राहिला.

आमच्या सभासदांनी केळीची कोठी घालावयाची ठरविल्यास आरंभ घड कापणाऱ्या टोळीपासून करावा. आज टोळीस मजुरी बहुधा वजनावर अथवा गाडीवर मिळते. त्यामुळे घड आपटणे, फण्या एकमेकींवर घासणे व चीक सालीवर वाळू देणे यांत मजुराचे काहीच नुकसान होत नाही. डाग पिकविल्यानंतर दिसतो, तोपर्यंत टोळी दुसऱ्या गावी गेलेली असते. प्रथम एका मृगबागेपुरती वही ठेवावी. कोणत्या टोळीच्या किती पेट्या डागाविना निघाल्या हे त्यात लिहावे, आणि त्या पेट्यांवर वेगळी मजुरी द्यावी. ही रक्कम कोठीच्या खर्चात आधीच धरावी, नफ्यातून देऊ म्हणू नये. दुसऱ्या कलमात उधारी किती दिवसांची व कोणास, हे बांधून घ्यावे. आणि अनुदान हाती येईपर्यंत ते शून्य समजूनच कर्जाचा आकडा लिहावा.