शस्त्रक्रियेनंतर अंगावर उठणारें पुरळ

इस्पितळांत शस्त्रक्रिया करून एखादा बंधु घरीं येतो, आणि थोड्याच दिवसांत त्याच्या अंगावर पुरळ उठून खाज सुटते. लागलेंच कोणी म्हणतो, "हा देवाचा कोप;" दुसरा म्हणतो, "डॉक्टरानें विष दिलें." मग औषध बंद होतें, जखमेवर राख पडते, आणि बरा होत असलेला मनुष्य खरोखरच संकटांत सांपडतो. म्हणून ह्याविषयीं आज आम्ही थोडा विचार करूं.

लेवीय 13 ह्या अध्यायांत अंगावरील संशयास्पद चट्टा पाहून याजकानें तत्काळ निर्णय देऊं नये, 7 दिवस थांबून पुनः पाहावें, असा नियम आहे. उलट मिलिता बेटावर पौलाच्या हातास साप झोंबला, तेव्हां लोकांनीं त्यास खुनी ठरविलें, आणि थोड्या वेळानें त्यासच देव म्हटलें (प्रे. कृ. 28). उतावळेपणानें दिलेले दोन्ही निर्णय खोटे ठरले.

तर आधीं नीट पाहावें. चिकटपट्टीच्या आकाराचीच लाली असली, तर बहुधा त्या पट्टीचा चीक किंवा कातडीस लाविलेलें जंतुनाशक औषध त्या मनुष्यास मानवत नाहीं. छातीवर व पाठीवर तांबूस पुरळ पसरलें, तर पोटांत घेतलेलें किंवा टोंचलेलें औषध कारण असूं शकतें. पेनिसिलिनाचा शोध 1928 सालीं लागला, व त्यानें असंख्य जीव वांचविले. तरी कित्येकांस तें सोसत नाहीं. असें पुरळ औषध सुरू झाल्यावर आठदहा दिवसांनींही उठतें. जखम भरतांना तिच्या कडेस किंचित् खाज सुटणें मात्र स्वाभाविक आहे.

पुरळ दिसतांच औषधाची पुढील मात्रा घेण्यापूर्वीं डॉक्टरास विचारावें. खाजवूं नये, नखें कापावीं, जखम सोडून इतर जागीं थंड ओलें फडकें ठेवावें. पाला, शेण, राख जखमेस लावूं नये.

परंतु ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, श्वास कोंडूं लागला, अथवा घेरी आली, तर क्षणभरही थांबूं नये. मिळेल त्या वाहनानें रोग्यास इस्पितळांत न्यावें. अंगावर फोड येऊन कातडी सुटूं लागली, ताप येऊन तोंडांत किंवा डोळ्यांत व्रण झाले, अथवा जखम लाल होऊन पू आला, तर त्याच दिवशीं जावें.

उपदेशकबंधूंस आमची एक विनंती आहे. ज्या औषधानें पुरळ उठलें, त्याचें नांव डॉक्टरास विचारून, तारखेसह कागदावर लिहून द्यावें. रोग्यानें तो कागद जपून ठेवावा, व पुढें कोणत्याही दवाखान्यांत औषध घेण्यापूर्वीं दाखवावा. ज्यास वाचतां येत नाहीं, त्याचा जीव ह्या दोन ओळींनीं वांचूं शकेल.

जन्मांध मनुष्याविषयीं शिष्यांनीं विचारलें, तेव्हां प्रभूनें त्याच्यावर किंवा त्याच्या आईबापांवर पापाचा दोष ठेविला नाहीं (योहान 9). आम्हींही रोग्याच्या अंगावरील पुरळांत त्याचें पाप शोधूं नये. त्याच्या जवळ बसावें, आणि गरज पडल्यास त्यास डॉक्टराकडे न्यावें.