अडीच ओळींतले दीक्षित

तंजावर

चि. सोनी,

तुझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण पोचलं. रामभद्र दीक्षितांना तू अडीच ओळींत उरकलंस: उत्तरकालीन, अनुकरणप्रधान, पांडित्याचा सोस. हे शब्द तुझे नव्हेत. मीही बी.ए.ला हेच घोकून चांगले मार्क मिळवले होते, म्हणून लगेच ओळखले. त्यांचं 'जानकीपरिणय' नाटक वाचलंस का? खरं सांग, रागावणार नाही.

सोंग घेऊन फसवायची मूळ युक्ती भवभूतीची, हे कबूल. 'महावीरचरिता'त शूर्पणखा मंथरेच्या अंगात शिरते. पण दीक्षितांचा रावण स्वतःच राम होऊन येतो, त्याचे राक्षसही सोंगं घेऊन वावरतात, आणि खरा कोण, खोटा कोण हा घोळ वाढतच जातो. रामाची गोष्ट शेंबड्या पोरालाही पाठ. अशा प्रेक्षकाच्या जिवाला घोर लावायचा कसा? त्यांच्याच काळातल्या महादेव कवीने 'अद्भुतदर्पणा'त त्यासाठी जादूचा आरसा आणला. दीक्षितांच्या या सोंगांना नुसतं अनुकरण म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दरबार कुणाचा होता तेही बघ. तंजावरच्या शहाजीराजांनी (राज्यकाळ १६८४–१७१२) कुंभकोणमजवळचं तिरुविसनल्लूर १६९३ साली विद्वानांना अग्रहार म्हणून दिलं. त्यात दीक्षितही होते. राजे स्वतः मराठीत, तेलुगूत नाटकं लिहीत; 'पंचभाषाविलासा'त तर पाच भाषा नांदतात. पतंजलीवर काव्य लिहिणारा हा वैयाकरण अशा नाटकवेड्या राजाच्या राज्यात लिहीत होता. तेव्हा नाटक मनातल्या मनात वाचू नकोस. दोन मैत्रिणींना धर, प्रवेश मोठ्याने वाचा. खोटा राम आत आला की खोलीत कुणी हसतं का, ते टिपून ठेव. टीका नंतर.

सुट्टीत इकडे ये. सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्राची पोथी जवळून बघ. पानावर लोखंडी लेखणीने नुसते चरे असतात; काजळी चोळली की अक्षर वर येतं. गवती चहाच्या तेलाचा वास बोटांना चिकटतो. ग्रंथ लिपीची मुळाक्षरं तेवढी गिरवून ये, पुढचं मी शिकवीन. एक दिवस तिरुविसनल्लूरलाही जाऊ.

त्या अडीच ओळी तोवर खोडून ठेव. आणि काकूसाठी पुण्याचा गोडा मसाला आण. मागच्या वेळी विसरलीस, ते ती अजून काढते.

तुझा
काका