उड्या माराव्यात, पण एका वेळी एकानेच

फेब्रुवारी महिन्यात परभणीला हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून माणसे येतात. अशा उरुसा-जत्रांत आकाशपाळण्याच्या शेजारी अलीकडे एक नवी करमणूक दिसू लागली आहे. लोखंडी चौकटीला स्प्रिंगांनी ताणून बसविलेले काळे जाड कापड आणि त्यावर चेंडूसारखी उसळणारी पोरे! लोक त्याला 'जंपिंग' म्हणतात. खरे नाव ट्रॅम्पोलिन. शहरांत तर त्याचे वर्ग निघाले आहेत आणि व्यायामासाठी घरी ठेवण्याचे लहान ट्रॅम्पोलिनही दुकानांत मिळते.

त्यामुळे दवाखान्यात दोन प्रश्न वरचेवर येतात. आई विचारते, "डॉक्टरसाहेब, पोरगं त्याच्यावरून उतरायलाच तयार नसतं, काही अपाय तर नाही ना?" आणि चाळिशीतले गृहस्थ विचारतात, "याने वजन उतरते म्हणतात, घेऊ का एखादे?" म्हणून आज या उड्यांविषयी.

सर्कशीतल्या झुल्यावरचे कसरतपटू शेवटी खालच्या जाळीत उडी टाकतात आणि जाळी त्यांना पुन्हा वर फेकते. जॉर्ज निसेन नावाच्या अमेरिकन मुलाने हे पाहिले आणि १९३४ साली लॅरी ग्रिसवोल्ड यांच्या साहाय्याने आजच्या धर्तीचे पहिले ट्रॅम्पोलिन तयार केले. पुढे वैमानिकांच्या प्रशिक्षणात त्याचा उपयोग झाला आणि २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये तो रीतसर क्रीडाप्रकार ठरला.

आता फायद्याचे बोलू. पक्क्या रस्त्यावर पळताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो आणि तो क्षणार्धात येतो. ट्रॅम्पोलिनचे कापड खाली दबते, त्यामुळे तोच थांबण्याचा धक्का अधिक वेळात विभागला जातो. 'नासा' या अमेरिकन अंतराळ संस्थेसाठी भट्टाचार्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला. अंतराळात वजनरहित अवस्थेत राहून अंतराळवीरांची हाडे व स्नायू दुबळे होतात, त्यावर उपाय शोधण्याचा तो भाग होता. पळताना घोट्यावर बसणारा धक्का पाठीवर व कपाळावर बसणाऱ्या धक्क्याच्या दुपटीहून जास्त होता. ट्रॅम्पोलिनवर मात्र तिन्ही ठिकाणी तो जवळजवळ सारखा आढळला. म्हणजे सगळा मार घोट्या-गुडघ्यांवर न येता तो अंगभर वाटला जातो.

जाहिरातवाले हा अभ्यास फार ताणतात. तो केवळ आठ तरुण पुरुषांवर झाला होता. विशीतल्या पोरांच्या घोट्यांवरून साठीतल्या आजीच्या गुडघ्यांची हमी देता येत नाही. उड्यांनी शरीरातील 'विषारी द्रव्ये' बाहेर पडतात असेही सांगितले जाते. ते काम यकृत व मूत्रपिंडे रात्रंदिवस करीतच असतात, त्यासाठी उडी मारावी लागत नाही! खरा लाभ साधा आहे. हृदय व फुप्फुसांना काम मिळते, पाय, पाठ व पोटाचे स्नायू बळकट होतात, तोल सुधारतो. आणि मजा येते म्हणून माणूस व्यायाम सोडत नाही. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी एक तास आणि प्रौढांनी आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातली काही मिनिटे हसत-खेळत होत असतील तर चांगलेच.

पण आता जे सांगतो ते पालकांनी नीट वाचावे. गेल्या वर्षी मानवतकडच्या एका खेड्यातून साडेतीन वर्षांची मुलगी आणली होती. जत्रेत मोठ्या भावासोबत ती 'जंपिंग'वर चढली होती. पडली नव्हती, आदळली नव्हती. फक्त मध्येच रडू लागली आणि त्यानंतर पाय टेकवेना. सूज फारशी नाही, जखम नाही. घरच्यांना वाटले, शीर भरली असेल. दोन दिवस तेल लावून चोळले. तिसऱ्या दिवशी एक्स-रे काढला तेव्हा गुडघ्याच्या खाली नडगीचे हाड दबून मोडलेले दिसले.

न पडता हाड कसे मोडते? भाऊ वजनाने मोठा. तो आदळला की कापड खूप खाली जाते आणि जोराने वर येते. नेमक्या त्याच क्षणी चिमुरडी खाली येत असते. वर येणारे कापड तिच्या तळपायाला एखाद्या फळीसारखे धडकते आणि तो धक्का सरळ नडगीत जातो. सहा वर्षांखालील मुलांचे गुडघ्याजवळचे हाड अजून कोवळे असते, ते सोसत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली जे निवेदन काढले, त्यानुसार ट्रॅम्पोलिनवरील सुमारे तीन चतुर्थांश दुखापती एकाहून अधिक जण एकदम उड्या मारत असताना होतात, आणि त्यांत हलक्या वजनाच्या मुलाला धोका भारी मुलाच्या चौदा पटींपर्यंत असतो. आपल्याकडे तर दहा मिनिटांचे पैसे वसूल व्हावेत म्हणून तीन-तीन भावंडे एकदम चढवितात! बाप स्वतः लेकराला कडेवर घेऊन उड्या मारतो, तेही असेच घातक.

सुदैवाने हे हाड लहान वयात लवकर जुळते. काही आठवडे प्लॅस्टरमध्ये राहिले की बहुधा मूल पूर्ववत पळू लागते. मात्र उडी मारल्यानंतर मूल पाय टेकवत नसेल तर सूज नाही म्हणून चोळू नये, ओढू नये, झटका देऊन 'बसवू' नये. पायाच्या दोन्ही बाजूंना जाड घडी केलेले वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा लावून वर सैल पट्टी बांधावी आणि एक्स-रेची सोय असलेल्या ठिकाणी न्यावे. पहिल्या एक्स-रेत ही चीर कधी कधी अगदी पुसट दिसते. मूल तरीही लंगडत असेल तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा दाखवावे.

सहा वर्षांखालील मुलांना ट्रॅम्पोलिनवर चढवूच नये, हे उत्तम. मोठ्यांनीही एकेकट्यानेच चढावे, मधोमध उडी मारावी आणि कोलांटउडी घेऊ नये. मान मोडण्याचे, कमरेखालचे अंग लुळे पडण्याचे प्रकार कोलांटउडीत होतात, आणि त्यावर प्लॅस्टरसारखा सोपा इलाज नाही. स्प्रिंगांवर गादीचे आवरण नसेल, भोवती जाळी नसेल, तर मूल कितीही रडले तरी पुढे चालावे. आणखी एक, चढण्यापूर्वी पैंजण, जोडवी, काचेच्या बांगड्या काढाव्यात. जोडवे कापडात अडकून बोट पिरगाळलेले मी पाहिले आहे.

प्रौढांसाठी सुमारे मीटरभर रुंदीचे, पुढे धरायला दांडी असलेले लहान ट्रॅम्पोलिन बरे. त्यावर उंच उडायचे नसते. सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस तर पावले कापडावरून उचलूच नयेत. गुडघे किंचित वाकवून नुसते वरखाली हलावे, मग जागच्या जागी चालल्यासारखे करावे. दोन-तीन मिनिटांपासून आरंभ करून हळूहळू पंधरा मिनिटांपर्यंत जावे. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपतच दम लागावा. वयस्करांनी दांडी सोडू नये आणि जवळ कोणी असल्याखेरीज चढू नये. ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, छातीत दुखते, चक्कर येते, हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झाले आहे, गुडघे सुजलेले आहेत, नुकतीच डोळ्याची किंवा पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी आणि गर्भवतींनी हा नाद करू नये. मधुमेहींनी तळपायाची संवेदना तपासून घ्यावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी उड्या मारू नयेत.

स्त्रियांना एक वेगळी गोष्ट सांगायची आहे, कारण त्या स्वतः होऊन सांगत नाहीत. उडी मारताना, खोकताना, शिंकताना थेंबभर लघवी होते. दोन-तीन बाळंतपणे झालेल्या कित्येक भगिनी एवढ्या एका कारणाने फुगडी, जत्रा, प्रवास सारे सोडून देतात आणि घरात कोणाला कारण कळत नाही. हा केवळ बाळंतपणाचा दोष नव्हे. स्वीडनमधील ट्रॅम्पोलिन खेळणाऱ्या पस्तीस मुलींची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या अठ्ठावीस जणींना हा त्रास होता, आणि त्यांच्यापैकी एकीचेही बाळंतपण झालेले नव्हते. वारंवार बसणाऱ्या धक्क्याला ओटीपोटाच्या तळाचे स्नायू पुरे पडत नाहीत, इतकाच त्याचा अर्थ. त्या स्नायूंचा व्यायाम सोपा आहे. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो, तेच आवळून पाच अंक मोजावेत, मग सैल सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. मात्र प्रत्यक्ष लघवी करताना धार अडवून हा व्यायाम करू नये. भाकरी थापतानाही तो करता येतो, कोणाला कळत नाही. तीन महिने नेटाने करावा आणि तोवर उड्यांऐवजी चालावे. फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवावे, यात लाजण्यासारखे काही नाही.

ट्रॅम्पोलिन विकत घेतलेच पाहिजे असे मात्र नाही. पंचमीला आपल्या बायका फुगडी आणि झिम्मा खेळतात, त्यात उडी आहे, ताल आहे आणि दमही लागतो. पोरांना दोरीच्या उड्या मातीच्या अंगणात मारू द्याव्यात, फरशीवर नको. नवारीच्या बाजेवर उड्या मारण्याची हौस मात्र मोडावी. तिच्या लाकडी कडेवर पडून हनुवटी फुटलेली पोरे टाके घालायला दर सुट्टीत येतात.

आणि सुट्टी म्हणजे आपल्याकडचा एप्रिल-मे. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा उघड्यावरचे काळे कापड तव्यासारखे तापते. अनवाणी पोराला वर चढविण्याआधी आपला तळहात त्यावर टेकवून पाहावा. उड्या सकाळी आठच्या आत किंवा दिवस मावळल्यावर माराव्यात, आणि आधी व नंतर पेलाभर पाणी प्यावे.