पास सगळ्यांकडे, जागा किती?

विरार लोकलचे पास रेल्वे बाकं मोजून देत नाही. सगळे पासधारक एकाच गाडीला येणार नाहीत, या भरवशावर तो कारभार चालतो. सर्व्हरवरच्या थिन प्रोव्हिजनिंगचंही तसंच. समजा, वालीवच्या एखाद्या गाळ्यात एका सर्व्हरवर चार व्हर्च्युअल मशीन आहेत. प्रत्येकाला ५०० जीबी, म्हणजे कागदावर २,००० जीबी वाटून झाले. खरी डिस्क मात्र १ टीबीची. डेटा लिहिला जाईल तशीच जागा खर्च होते, म्हणून आज मोठी डिस्क घ्यावी लागत नाही. ही बचत खरी आहे, पण ती उधारीची आहे.

खर्चाची यादी

*सॉफ्टवेअर:* व्हर्च्युअल मशीन चालवणारं एक्ससीपी-एनजी मुक्त स्रोत आहे. परवान्याचे पैसे शून्य. कंपनीचा सपोर्ट हवा असेल तर तो वेगळा विकत घ्यावा लागतो.

*डिस्क:* १ टीबीची डिस्क सर्व्हरच्या मोजणीत सुमारे ९३१ जीबी भरते. एक बिघडली तरी काम चालावं म्हणून जोडी घ्या, म्हणजे खर्च दुप्पट. बॅकअपची डिस्क तिसरी. वर १८ टक्के जीएसटी: १०,००० रुपयांच्या कोटेशनवर १,८०० रुपये. नियमित जीएसटी नोंदणी असेल तर बिल फर्मच्या नावे घ्या, क्रेडिट मिळतं.

*वीज:* सतत १०० वॅट खाणारा सर्व्हर वर्षाला ८७६ युनिट जाळतो. १० रुपये दर धरला तर ८,७६० रुपये. तुमच्या बिलावरचा दर घालून पाहा.

*माणूस:* वार्षिक देखभाल करारात ‘स्टोरेजची आठवड्याची तपासणी’ हे शब्द लिहून घ्या. नाहीतर प्रत्येक फेरीचे पैसे वेगळे लागतात.

सर्व्हर लावणाऱ्याला सुरुवातीलाच विचारा

स्टोरेज रिपॉझिटरी, म्हणजे मशीनच्या डिस्क ठेवायची जागा, कोणत्या प्रकारची करताय? लोकल डिस्कवर ‘ईएक्सटी’ थिन असते, ‘एलव्हीएम’ थिक. थिकमध्ये ५०० जीबी मागितले की ५०० लगेच अडकतात. नंतर प्रकार बदलायचा तर सगळा डेटा दुसरीकडे हलवून रिपॉझिटरी नव्याने बांधावी लागते. म्हणजे उसनी डिस्क आणि सुट्टीच्या दिवसाची मजुरी.

कमांड लाइनवर तीन आकडे

‘एक्सई एसआर-लिस्ट’ या कमांडला योग्य पॅरामीटर दिले की तीन आकडे मिळतात: फिजिकल-साइज म्हणजे खरी जागा, फिजिकल-युटिलायझेशन म्हणजे वापरलेली, व्हर्च्युअल-अलोकेशन म्हणजे कबूल केलेली. आकडे बाइटमध्ये येतात. १,०७,३७,४१,८२४ ने भागा. ९३१ पैकी ६५० वापरले असतील तर ७० टक्के झाले. तेव्हाच नव्या डिस्कचं कोटेशन मागवा. ८० ला नवं मशीन बनवणं बंद. ९० ला हातातलं काम सोडून जागा मोकळी करा.

मशीनच्या आत फायली पुसल्या म्हणून बाहेरची डिस्क-फाइल आपोआप आकसत नाही. जुने स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या आधीच्या स्थितीच्या जपलेल्या नोंदी, हेही जागा गिळून बसतात. ते आधी काढा. काढल्यावरही जागा लगेच परत येत नाही, मागे डिस्क-फायलींचं एकत्रीकरण चालतं आणि त्यालाही थोडी मोकळी जागा लागते. म्हणून शंभर टक्के भरल्यावर सफाई करणं अवघड. तोवर लिखाण अडून हिशेबाचा डेटाबेस बिघडलेला असू शकतो.

पावसाळ्याचं कलम

जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडल्या होत्या. तळमजल्यावरचा गाळा असेल तर सर्व्हर उंचावर ठेवा, यूपीएस घ्या आणि बॅकअपची डिस्क गाळ्याबाहेर, घरी ठेवा.

थोडक्यात: कागदावरच्या जागेला पैसे मोजू नका, पण पुढच्या डिस्कचे पैसे आजच बाजूला काढून ठेवा. आणि दर सोमवारी ते तीन आकडे वहीत लिहा. त्याला खर्च पाच मिनिटांचा.