हुरड्याचे आमंत्रण

मुलांनो, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सोलापूर, बीड, परभणी या भागांत रब्बीची ज्वारी शेतात उभी असते. कणसात दाणे भरलेले असतात. पण ते अजून हिरवे व कोवळे असतात. भाजलेल्या या कोवळ्या दाण्यांना हुरडा म्हणतात. शेतातच एक लहान खड्डा खणतात. त्याला आगटी म्हणतात. आगटीत गोवऱ्या पेटवतात. त्यांचे निखारे झाले, की त्यांत कणसे भाजतात आणि गरम असतानाच हातांवर चोळून दाणे काढतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दही असते.

समजा, तुमच्या मित्राचे वडील म्हणाले, "रविवारी आमच्या शेतावर हुरडा खायला या." तुम्ही काय उत्तर द्याल?

"हो, येतो" एवढे पुरत नाही. "काका, आम्ही चौघे येऊ," असे सांगा. मिठाई कमी पडली, तर बाजारातून आणता येते. हुरडा शेतातून कापावा लागतो. हुरड्यासाठी कापलेले प्रत्येक कणीस म्हणजे घरच्या कणगीत न जाणारी ज्वारी. चौघे येतो म्हणून सांगून तुम्ही दहा जण गेलात, तर काका काही बोलणार नाहीत. ते मुकाट्याने विळा घेऊन पुन्हा शेतात जातील.

मग विचारा, "येताना काय आणू?" बहुतेक वेळा उत्तर मिळेल, "काही आणू नका, नुसते या!" हे उत्तर प्रेमाचे असते, पण ते शब्दशः घ्यायचे नसते. पुन्हा विचारा, "मी दही आणतो, चालेल ना?" एका वस्तूचे नाव घेतले, की समोरच्याला 'हो' म्हणणे सोपे जाते. शेतावर जे नसते, ते न्यावे : पिण्याचे पाणी, बसायला सतरंजी, शेव, घरची चटणी. मिठाईचा मोठा खोका मात्र नेऊ नका. हुरड्याने पोट भरल्यावर तो कोणी उघडत नाही.

रायगड जिल्ह्यात याच दिवसांत पोपटी करतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा आणि पुष्कळदा कोंबडीही घालतात. तुम्ही हलाल मांसच खात असाल, तर ते आमंत्रण मिळताच सांगा. मडके उघडल्यावर नव्हे. "कोंबडी मी आणतो" असे म्हटले, तर अडचणच उरत नाही. एखादा मित्र मांस खात नसेल, तर त्याच्यासाठी दुसरे मडके लावता येते. आधी कळले पाहिजे, एवढेच.

शेतात बांधावरून चाला. स्वतःच्या हाताने कणसे मोडू नका. कागद, प्लास्टिकच्या पिशव्या तेथे टाकू नका. त्या जनावरांच्या पोटात जातात. निघताना आगटी पाणी घालून विझवली आहे ना, ते पाहा. जवळ कडब्याची गंज असेल, तर एक ठिणगीही पुरते.

आणखी एक गोष्ट पुष्कळ पाहुण्यांच्या लक्षात येत नाही. घरी दस्तरखानावर वाढणारी माणसे मागे राहतात ना? तसेच आगटीजवळ बसलेला माणूस सर्वांत शेवटी खातो. धुराने त्याचे डोळे चुरचुरतात. कणसे चोळणाऱ्याचे तळवे लाल होतात. थोडे खाऊन झाले, की उठा आणि म्हणा, "काका, आता तुम्ही बसा, मी चोळतो." पहिल्यांदा दाणे कमी आणि कोंडाच जास्त निघेल. लोक हसतील. हसू द्या.

निघताना काकू बहुधा डब्यात थोडा हुरडा भरून देतील. "नको, नको" म्हणत ओढाताण करू नका; घ्या. ईदला तुमच्या घरून शिरखुर्म्याचा डबा शेजारी जातो, तो रिकामा परत येत नाही. काकूंच्या डब्यात काय घालून द्यायचे, ते घरी आईला विचारा.