आधी कान तपासा, मग जिभेकडे बघा

"सिस्टर, पोरगं अडीच वर्षांचं झालं, अजून बोलत नाही." वस्तीत तपासणीला बसलो की ही तक्रार आमच्याकडे हमखास येते. पाठोपाठ आजी म्हणते, "याचा बापही उशिराच बोलला." मग वेखंड उगाळून जिभेला लाव, मध चाटव, नवस बोल, असं करता करता मूल चार वर्षांचं होतं. (वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये, तो घातक ठरू शकतो.)

मूल ऐकून बोलायला शिकतं, म्हणून पहिली तपासणी कानाची. टाळी वाजवल्यावर मूल वळलं, एवढ्यावर विसंबू नका. हाताची हालचाल दिसली तरी ते वळतं. शिवाय मोठा आवाज ऐकू येऊनही 'स', 'श' निसटू शकतात. ओएई आणि बेरा या तपासण्या तान्ह्या बाळाच्याही होतात. साधारण वर्षाच्या सुमारास एखादा अर्थाचा शब्द यावा, दोन वर्षांपर्यंत 'पाणी दे' असे दोन शब्द जोडता यावेत. नावानं हाक मारून बघत नसेल, बोटानं दाखवत नसेल किंवा आलेले शब्द गेले असतील, तर एक दिवसही थांबू नका.

"तिथं नुसतं खेळवतात, त्याला कशाला जायचं?" असं आया विचारतात. तो खेळच उपचार आहे. मुलाला चेंडू हवा असतो. थेरपिस्ट तो लगेच देत नाही, वाट बघते. मुलानं खूण केली, आवाज काढला की 'चेंडू' हा शब्द देते, पुढं 'मोठा चेंडू'. हेच घरी भाकरी थापताना, आंघोळ घालताना रोज करायचं. मोबाईल शब्द ऐकवतो, पण मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही.

एक गोष्ट ठणकावून सांगतो. घरी 'पानी' म्हणतात म्हणून मूलही 'पानी' म्हणत असेल, तर तो आजार नाही, ती त्याची बोली आहे. शाळेत कुणी त्याला दोष म्हटलं तर ऐकून घेऊ नका. घरची भाषा सोडून मुलाशी मोडकं इंग्रजी बोलण्याचीही गरज नाही.

मोठ्यांचं दुखणं वेगळं. लकव्यात मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की बऱ्याचदा वाचाघात होतो. माणसाला शब्द सापडत नाहीत, काहींना समजायलाही जड जातं. बुद्धी मात्र शाबूत असते. घरचे समजतात डोकं गेलं, आणि त्याच्या देखतच त्याच्याविषयी बोलतात. त्याला 'हो-नाही'त उत्तर देता येईल असं विचारा, चित्र दाखवा, वेळ द्या. पाणी पिताना ठसका लागत असेल तर झोपवून भरवू नका. अन्न फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. गिळण्याची तपासणीही हेच थेरपिस्ट करतात.

जायचं कुठं? अंगणवाडी आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. ते मुलांना जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रात पाठवतं. मोठ्यांसाठी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात विचारा. मुंबईत बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. खासगीकडे गेलात तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आधी मागा. आणि कायमचा वाचाघात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोडतो, तेव्हा प्रमाणपत्राचा अर्ज करून ठेवा.